भारा उतरू लागणारा हात

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून आहुप्याच्या कड्याकडे जाऊ लागले म्हणजे, हिरड्याच्या दिवसांत डोईवर गच्च भरलेली बोचकी घेऊन उताराने येणाऱ्या बाया वाटेत भेटतात. आणि त्यांतली एखादी झाडाच्या सावलीला थबकून मागच्या सोबतिणीला "भारा उतरू लाग गं बाई" असे म्हणते, तेव्हा ज्या विषयावर धर्मशास्त्र्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले तो विषय एवढ्याशा वाक्यात येऊन बसला आहे, असे मला दर वेळी वाटते. डोईवरचा जड भार एकटीला उतरवता येत नाही. दुसरीने बोचक्याला हात लावला की आपल्याला आपली पकड सोडावी लागते, आणि पकड सुटणे व मान हलकी होणे यांच्यामध्ये जो पळभराचा अवकाश असतो, त्यात सगळी मदार परक्या हातावर असते. बायबलातील सदतिसाव्या स्तोत्रात आपला मार्ग परमेश्वराच्या हवाली करावा असा जो उपदेश आहे, तेथील मूळ हिब्रू क्रियापदाचा शब्दशः अर्थ 'लोटणे, गडगडवणे' असा आहे. उचलून नेणे जमत नसेल तर निदान लोटून दे, इतका घरगुती तो शब्द आहे.

हाच उपदेश घेऊन आलेल्या चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे जुन्नरला 1846 साली स्थापन झाले. नाशिकचे ठाणे त्याच्याही आधीचे, आणि तेथेच पुढे वसलेल्या ख्रिस्ती वस्तीला नाव पडले शरणपूर. परदेशातून आलेल्या धर्माची वस्ती, आणि तिचे नाव मात्र संतांच्या नित्य बोलीतले! नव्या कराराचे मराठी भाषांतर विल्यम केरीच्या बंगालमधील श्रीरामपूर येथील छापखान्यातून 1811 साली बाहेर पडले होते खरे. पण शरण, भाव, भरवसा, आर्त हे शब्द त्या छापखान्यात घडलेले नव्हते. ते शेकडो वर्षांच्या कीर्तनांनी आणि जात्यावरच्या ओव्यांनी अगोदरच मऊ करून ठेवलेले होते. याच जुन्नर तालुक्यात ओतूरला, मांडवीच्या काठी, जेथे श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या मंदिरात कोरड्या तांदळाच्या पिंडी उभ्या करतात, तेथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात ज्यांनी मंत्र दिला तेच हे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत असत. त्या पुलाचा एक खांब आमच्या तालुक्यात रोवलेला आहे, या जाणिवेने ओतूरच्या नदीकाठी मी अनेकदा उगाच बसून राहिलो आहे.

टिळकांची हकिकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा आणि हृदयदान या दोन गोष्टी एकच नव्हेत. बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या दप्तरात होते, तिला तारीख असते, साक्षीदार असतात. अंतःकरण देण्याला असे दस्तऐवज नसतात. बहुतेकांचे देणे हे प्रथम गहाणखताच्या जातीचे असते. संकटापुरते मन देवाकडे ठेवायचे आणि वेळ टळली की सोडवून न्यायचे. त्याचे बक्षीसपत्र होण्यास वर्षे लागतात.

हा भेद आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावास राहिलेल्या पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात कमालीच्या प्रामाणिकपणाने मांडला आहे. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने 1883 साली इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मुंबईस शारदासदन काढले, ते पुण्यास हलवले, लोकांचा रोष सोसला. आणि एवढे होऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशी कबुली त्यांनी दिली. तो सापडला असे त्यांना वाटले ते सुमारे आठ वर्षांनी. बुद्धीने पटलेली गोष्ट हृदयाच्या उंबरठ्यावर आठ वर्षे ताटकळत उभी राहते, ती एवढ्या मोठ्या बाईच्या बाबतीतही, हे वाचले की स्वतःच्या मंद गतीची लाज वाटेनाशी होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत संपूर्ण बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि 1922 साली देह ठेवण्यापूर्वी ते तडीस नेले.

तथापि विश्वास शिकावा कसा, हे मला कोणी शिकवले असेल तर ते लक्ष्मीबाई टिळकांनी. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. ज्या वडिलांच्या घरी बाजारातून आणलेला जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत सोवळ्याची मजल गेलेली, त्या घरच्या या मुलीला नवरा जिवंत असताना काही वर्षे मूल पदरात घेऊन नातलगांकडे काढावी लागली. पुढे त्या नगरास त्याच्याजवळ आल्या, पण आपला स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवून. टिळकांनी बळजबरी केली नाही. मग एके दिवशी, माणसांतल्या जाती ईश्वराने केल्या की माणसांनीच, या प्रश्नापाशी त्यांचे मन येऊन अडले, आणि ज्या क्षणी उत्तर मिळाले त्या क्षणी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. ख्रिस्ताविषयीचे प्रेम त्यानंतर उमलले. बाप्तिस्मा 1900 साली झाला. आधी घागर, मग घरदार, मग हृदय, असा त्यांचा क्रम होता. ईश्वराच्या हातात स्वतःला सोपवण्याआधी शेजारणीच्या हातचे पाणी पिण्याइतका भरवसा त्यांना कमवावा लागला, आणि माझ्या मते हा क्रम उलटा नसून तोच सरळ आहे. जिला सोबतिणीच्या हातावर बोचके सोडवत नाही, तिने न दिसणाऱ्या हातावर ते सोडल्याचे सांगितले तर ऐकणाऱ्याने जरा थांबावे.

लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. टिळकांचा देवावरचा भरवसा उदार, उसळता, उद्याची फिकीर न करणारा. आणि त्या भरवशाचा जमाखर्च चुलीपाशी बसून जुळवायचा लक्ष्मीबाईंनी. दुष्काळात घरात अनाथ मुले येत, ताटे वाढत, डबे रिकामे होत. पती आकाशाकडे पाहत असता पत्नीने पिठाच्या डब्यात पाहिले, म्हणून तिचा विश्वास उणा ठरत नाही; उलट तळ दिसत असताना पुढची भाकरी थापणे हे मला अधिक कठीण वाटते. 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे मुभा होती. दरबार म्हटला की मानपान, नजराणे आणि पायरीपायरीने बसणारी माणसे डोळ्यांसमोर येतात, त्या शब्दाला टिळकांनी एकाच धन्यासमोर सर्वांनी सारख्या उंचीवर बसण्याचा अर्थ दिला. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते मुंबईत निवर्तले.

त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य थोड्याच अध्यायांवर अपुरे राहिले होते. शाळेचे रीतसर शिक्षण कधी न मिळालेल्या, एकेकाळी नवऱ्याच्या घरातही आपली घागर निराळी ठेवणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि ख्रिस्तचरित्राचे पुढचे बहुतेक अध्याय रचले. हा भार मात्र त्यांनी आपण होऊन डोईवर घेतला होता.