आवाज पडद्याच्या मधूनच का यावा?

घरी चित्रपट पाहताना एक तक्रार हमखास ऐकू येते. मारामारी आणि गाणी कानठळ्या बसवतात, पण माणसे काय बोलली ते मात्र कळत नाही. आवाज वाढवावा तर पुढच्याच प्रसंगात स्फोट होतो आणि रिमोट शोधण्याची धांदल उडते. मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात दोन घरांमध्ये बहुधा एकच भिंत असते, त्यामुळे ही अडचण शेजाऱ्यांचीही होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शिवाय घरात कमी ऐकू येणारे आजी-आजोबा असतील, तर संवाद हरवले म्हणजे त्यांच्यापुरता चित्रपटच हरवला.

यावर दुकानदार 'सेंटर स्पीकर', म्हणजे टीव्हीच्या अगदी मधोमध ठेवायचा तिसरा स्पीकर, सुचवतो. पण डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखाच आवाज सोडला तर तो मधून आल्यासारखा वाटतोच. मग तिसरा कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधायला कागद, पेन्सिल आणि पायथागोरसचे प्रमेय एवढे साहित्य पुरते.

आवाजाची दिशा आपण दोन कानांनी ओळखतो. डावीकडून आलेला ध्वनी डाव्या कानात किंचित आधी पोचतो. हा फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलीसेकंद असतो, पण मेंदूला तो पुरतो. दोन स्पीकरांतून एकच आवाज येत असेल आणि आपण बरोबर मध्ये बसलो असू, तर दोन्ही कानांना सारखेच ऐकू येते. मेंदू निष्कर्ष काढतो की आवाज समोरून आला. तिथे स्पीकर नसतानाही तो 'दिसतो', म्हणून त्याला आभासी मध्य म्हणू.

आता मीरा रोडच्या एखाद्या घरातील हॉल डोळ्यांसमोर आणा. स्पीकर एकमेकांपासून २ मीटर अंतरावर आहेत आणि सोफा त्यांच्या रेषेपासून २.४ मीटर दूर आहे. मध्ये बसलेल्याला दोन्ही स्पीकर २.६ मीटरवर आहेत. पण सोफ्याच्या डाव्या टोकाला, म्हणजे मध्यापासून ७५ सेंटिमीटर सरकून बसलेल्या आजींचे काय? त्यांना डावा स्पीकर २.४१ मीटरवर, तर उजवा २.९७ मीटरवर पडतो. फरक ५६ सेंटिमीटर झाला. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर उजवीकडचा आवाज त्यांच्यापर्यंत १.६ मिलीसेकंद उशिरा पोचतो.

हा उशीर क्षुल्लक वाटेल, पण मेंदूच्या लेखी तो मोठा आहे. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर आधी पोचलेल्या आवाजाच्याच दिशेला मेंदू महत्त्व देतो. १९४९ साली जर्मनीत हेल्मुट हास यांनी, तर अमेरिकेत हान्स वॉलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. उशीर सुमारे एक मिलीसेकंदाच्या पुढे गेला की आवाज जवळच्या स्पीकरमधूनच येतो असे वाटू लागते. आपल्या हॉलमध्ये हे घडायला मध्यापासून सुमारे ४५ सेंटिमीटर सरकणे पुरते. म्हणजे पडद्यावरचा नायक समोर उभा, आणि आजींना त्याचा आवाज मात्र डाव्या कोपऱ्यातून!

मध्ये बसलेली व्यक्तीही पूर्ण सुखी नसते. तिच्या प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात. त्याच बाजूचा आवाज आधी येतो, तर पलीकडचा डोक्याला वळसा घालून सुमारे ०.२ मिलीसेकंद उशिरा. ज्या कंपनाचा अर्धा आवर्तकाल ०.२ मिलीसेकंद आहे, त्याच्या बाबतीत एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकाच वेळी कानात पोचतात. हे व्यतिकरण होय. असे कंपन सेकंदाला २५०० वेळा होते. डोक्याच्या आडोशामुळे पलीकडचा आवाज थोडा क्षीण झालेला असतो, म्हणून २५०० हर्ट्झचा ध्वनी पूर्ण नाहीसा होत नाही, पण दबतो. आणि त, क, स, श यांसारखी व्यंजने वेगवेगळी ओळखायला १००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा फार महत्त्वाचा असतो. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत, याचे हे एक कारण आहे.

संवादांसाठी मध्ये खराखुरा स्पीकर ठेवला की दोन्ही अडचणी सुटतात. एकच उगम, म्हणून दोन आगमनांची शर्यत नाही आणि व्यतिकरणही नाही. सोफ्याच्या कोणत्याही टोकाला बसा, बोलणे पडद्यातूनच येते. आणखी एक सोय म्हणजे फक्त मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते. स्फोट आहेत तेवढेच राहतात, संवाद मात्र पुढे येतात.

ही युक्ती जुनी आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना ऐकवला, तेव्हा डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या वापरल्या होत्या. १९५३ साली सिनेमास्कोप आला, तेव्हाही पडद्यामागे तीन वाहिन्या होत्या आणि चौथी प्रेक्षागृहासाठी. '१९४२: अ लव्ह स्टोरी' (१९९४) या हिंदी चित्रपटात वापरलेल्या डॉल्बी स्टीरिओ पद्धतीत फिल्मवर ध्वनीच्या दोनच पट्ट्या असत. संवाद दोन्हींवर सारखेच नोंदवत, आणि चित्रपटगृहातील यंत्र दोन्हींमधला समान भाग वेगळा काढून मधल्या स्पीकरकडे धाडत असे. पुढे आलेल्या '५.१' पद्धतीत मधल्या वाहिनीला स्वतंत्र जागा मिळाली.

मात्र मधला स्पीकर कसाही असून चालत नाही. तो शक्यतो डाव्या-उजव्यांच्याच जातीचा असावा, नाहीतर पडद्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज वाटेत बदलतो. तो कानाच्या उंचीवर असावा, किंवा निदान कानाकडे कललेला असावा. बऱ्याच आडव्या सेंटर स्पीकरांत दोन टोकांना दोन सारखे कर्णे असतात. त्यांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर ३० अंश बाजूला बसलेल्याच्या बाबतीत मार्गातला फरक १५ सेंटिमीटर होतो. ३० सेंटिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ११५० हर्ट्झच्या ध्वनीचे दोन्ही भाग एकमेकांना मारतात. ज्या दोषावर उपाय म्हणून स्पीकर आणला, तोच दोष मागच्या दाराने परत येतो.

ज्यांच्याकडे हा स्पीकर नाही, त्यांनी ॲम्प्लिफायरच्या मांडणीत 'सेंटर नाही' अशी नोंद करावी. म्हणजे मधली वाहिनी तीन-तीन डेसिबल कमी करून दोन्ही बाजूंना वाटली जाते. नोंद चुकली तर संवाद न जोडलेल्या तारेकडे जातात आणि ऐकूच येत नाहीत. एकट्याने बरोबर मध्ये बसून गाणी ऐकणाऱ्याला मात्र चांगले दोन स्पीकर पुरेसे आहेत.

वर्गात हे सहज पडताळता येईल. दोन सारखे स्पीकर २ मीटर अंतरावर ठेवून दोन्हींतून एकाच माणसाचे बोलणे सोडा. डोळे बांधलेल्या विद्यार्थ्याला २.४ मीटर दूर बरोबर मध्ये उभे करून आवाजाच्या दिशेला बोट दाखवायला सांगा. मग त्याला दहा-दहा सेंटिमीटर बाजूला सरकवा आणि बोट कुठे वळते ते जमिनीवर खडूने नोंदवा. दहा विद्यार्थ्यांची सरासरी काढून ती आपल्या ४५ सेंटिमीटरशी ताडून पाहा. नंतर एकच स्पीकर मध्ये ठेवून सगळे पुन्हा करा. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना कर्णे लावले, की कडेच्या मुलांना वक्ता एकीकडे आणि आवाज दुसरीकडे का वाटतो, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.