प्रतीक्षा यादीत नाव आले, पुढे काय?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. उच्च शिक्षणाचे दार आपल्यासाठी असे उघडले. आज आपली मुले त्या दारापर्यंत पोहोचतात. पण नाव प्रतीक्षा यादीत आले की अनेक घरांत निराशा पसरते आणि प्रयत्न तिथेच थांबतात. प्रतीक्षा यादी म्हणजे नकार नव्हे, हे आम्हाला येथे सांगायचे आहे.

ही यादी का सरकते? एकाच विद्यार्थ्याचे नाव तीन-चार ठिकाणी लागते. तो जागा एकच घेतो, बाकीच्या मोकळ्या होतात. कोणी मुदतीत फी भरत नाही, कोणाचे कागद अपुरे पडतात. या जागा खालच्या क्रमांकांकडे येतात. म्हणून आपला क्रमांक, आपल्या प्रवर्गातील जागा आणि गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत यादी कुठवर गेली होती, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात.

कागदपत्रांत कसूर नको. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते मुदतीत न दिल्यास हातची राखीव जागाही जाते. त्यासाठी बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावी-बारावीतच जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. केंद्रीय विद्यापीठासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढून ठेवावा.

वाट पाहताना हात रिकामे ठेवू नयेत. दुसरीकडे मिळालेली जागा घ्यावी. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत मिळालेली जागा स्वीकारून, नियमांत बसत असल्यास, पुढील फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबता येते. हे नियम बदलत असतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. फी बुडेल या भीतीने अनेक पालक जागा घेत नाहीत. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास थोडा प्रक्रिया खर्च वजा जाता पूर्ण फी परत मिळते. पुढे ही रक्कम टप्प्याटप्प्याने कमी होते. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यासही त्याच अधिसूचनेने मनाई केली आहे.

पैशांची तजवीज आधी करावी. नाव लागल्यावर फी भरण्यास बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात, आणि त्यात सुट्टीही येते. ऑनलाइन व्यवहाराला रोजची मर्यादा असते. ती आपल्या बँकेत आधीच विचारून घ्यावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखलाही तयार असावा.

रोज यादी पाहावी. अर्जात दिलेला मोबाईल क्रमांक बदलू नये. केंद्रीभूत फेऱ्या संपल्यावर रिक्त जागांसाठी संस्थास्तरावर फेरी होते. तिचा अर्ज अनेकदा स्वतंत्र असतो आणि तो न केल्यामुळे आपली मुले मागे राहतात. विचारणा करायची ती लेखी करावी व पोच घ्यावी. पैसे घेऊन नाव वर सरकवतो म्हणणाऱ्या दलालाला मात्र दारात उभे करू नये.

ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी विद्यापीठात जात आहे, त्यांना हे सांगणारे घरी कोणी नसते. संस्थेच्या प्रत्येक शिकलेल्या सभासदाने प्रवेशाच्या दिवसांत अशा एका तरी विद्यार्थ्याजवळ बसून त्याचे कागद तपासावेत. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या संदेशातील संघटित होणे ते हेच, असे आम्ही मानतो.

जयभीम!