नियम, तत्त्व आणि रोजचा दिवस

१४ एप्रिलला रात्रभर मिरवणुकीत जागणारा आमचा विद्यार्थी जूनमध्ये म्हणतो, ‘सर, कशात मन लागत नाही.’ कार्यकर्तेही तेच म्हणतात. फक्त त्याला ‘चळवळीला मरगळ आली’ असे नाव देतात. प्रेरणा भाषणातून, जयघोषातून मिळते असा समज यामागे आहे. मिळतेही, पण सकाळपर्यंत टिकत नाही.

लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम काय करायचे ते नेमके सांगतो, म्हणून तो सवयीने पाळता येतो. तत्त्व केवळ कसोटी देते. निर्णय ज्याचा त्याने करायचा. म्हणून तत्त्वाने केलेली कृती चुकली तरी ती जबाबदार माणसाची असते. आमच्या मुलांची वेळापत्रके आठवड्यात का कोसळतात, ते इथे कळते. त्यांत नियम असतो, त्यामागचे तत्त्व नसते.

महाडची परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी झाली. चवदार तळे आपल्याला आठवते. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, हा तिथलाच उपदेश आपण घाईने ओलांडतो. भाकर मागायची नाही म्हणजे त्या रात्री चूल थंड. माझी आजी सांगे, पोरांना नुसता पाला उकडून घातला, पण टोपली घेऊन वाड्याच्या दारी गेलो नाही. समता हा शब्द या बायांनी वाचलेला नव्हता. हात मागे घेतला तेव्हा तो त्यांना कळला. आधी उत्साह आणि मग कृती, असा क्रम तिथे नव्हताच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही हेच दिसते. माणसे समान आहेत हे तत्त्व. आणि श्राद्ध करणार नाही, दारू पिणार नाही, खोटे बोलणार नाही, ही रोजच्या हाताची कामे. पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला शिक्षापद म्हणतात. ते शिकायचे असते. मोडले तर पुन्हा घ्यायचे. अर्थात प्रतिज्ञांचाही नुसता नियम होतो. त्या चौकटीत घालून भिंतीवर लावायच्या आणि त्याच भिंतीखाली बसून हुंड्याची बोलणी करायची, हेही आपण पाहतो.

एक मात्र बजावले पाहिजे. शिष्यवृत्ती वर्षअखेरीस येते, खोलीचे भाडे दरमहा द्यावे लागते. अशा मुलाला प्रेरणेवर व्याख्यान देणे हा आम्हा प्राध्यापकांचा आवडता आळस आहे. त्याला आधी भाडे हवे.

एका विद्यार्थ्याला मी वेळापत्रक मागितले नाही. विचारले, ‘गेल्या आठवड्यात कोणते काम करताना तुला तुझेच बरे वाटले?’ बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘शेजारच्या मावशीचा रेशनकार्डाचा अर्ज लिहिला तेव्हा.’ आता दर रविवारी तो वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहितो. अर्ज परत आला की कायदा पाहावा लागतो; त्यासाठी तो ग्रंथालयात येऊ लागला आहे.