दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, आणि नंतरची पस्तीस वर्षे

इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालेचा नववा खंड काढून त्याचे ५२९ वे पान उघडले, म्हणजे मथळ्यावर दोन पक्षकारांची नावे दिसतात. वादीच्या नावापुढे रीतीप्रमाणे बापाचे नाव आहे. प्रतिवादीच्या नावापुढे मात्र बापाचे नाही, नवऱ्याचे नाही आणि आडनावही नाही. ती नुसती ‘रखमाबाई’ आहे. निकाल छापणाऱ्याच्या मनात त्यात काही विशेष असेल असे नाही. परंतु ज्या स्त्रीने आपण कोणाची कोण हे सरकार-दरबारी आणि शास्त्री-पंडितांनी परस्पर ठरवावे यालाच हरकत घेतली, तिचे नाव कायद्याच्या दप्तरात असे एकटे उभे राहिलेले पाहून वाचणारा क्षणभर थबकतो. दहाव्या खंडाच्या ३०१ व्या पानावर याच मुकदम्याचे अपील आहे. या दोन पानांमुळे रखमाबाईंचे नाव इतिहासात राहिले, आणि माझ्या मते या दोन पानांमुळेच त्यांच्या आयुष्यातील पुढचा, पुष्कळच मोठा भाग आपल्या दृष्टीआड झाला. मुकदमा चालला चार वर्षे. दवाखाना चालला पस्तीस.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार ज्ञातीतील एका सुस्थित कुटुंबात झाला. आई जयंतीबाई त्या वेळी पंधरा वर्षांची होती, आणि सतराव्या वर्षी ती विधवा झाली. या ज्ञातीत पुनर्विवाहाला मज्जाव नसल्यामुळे काही वर्षांनी तिने डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी लग्न केले. तत्पूर्वी पहिल्या पतीकडून, जनार्दन पांडुरंग यांच्याकडून, आलेली मिळकत तिने मुलीच्या नावे करून दिली. पुढे जो कज्जा उभा राहिला त्याच्या मुळाशी ही मिळकत किती आणि पतीचा हक्क किती, यावर दोन्ही पक्षांनी एकमेकांवर भरपूर चिखलफेक केली आहे. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहासाची जी संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांत जे दोघेच एतद्देशीय होते, त्यांपैकी हे एक आणि प्रार्थनासमाजाचे आत्माराम पांडुरंग दुसरे. अशा घरात वाढलेल्या मुलीचे लग्नही अकराव्या वर्षीच झाले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. सुधारकांच्या घरांतही उंबरठ्याच्या आतली घड्याळे त्या काळी फार सावकाश चालत.

वर दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, एकोणीस वर्षांचा. त्याने सासऱ्याच्या आश्रयाने राहून शिकावे आणि माणूस व्हावे असे ठरले होते. तो शिकला नाही, मामाच्या घरी जाऊन राहिला, कर्जात बुडाला आणि प्रकृतीनेही खालावला. इकडे रखमा वयात आली तेव्हा गर्भाधानाचा तगादा सुरू झाला. डॉक्टर असलेल्या सावत्र बापाने, इतक्या कोवळ्या वयात ते होणे नाही, असे साफ सांगितले. मुलीची शाळा लग्नाबरोबरच सुटली होती. तेव्हा मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून तिने घरीच जमेल तसे इंग्रजी वाढवले. आठ-दहा वर्षे अशी गेली. १८८४ च्या मार्च महिन्यात दादाजीने वकिलामार्फत नोटीस पाठवली की, माझी बायको माझ्या घरी नांदावयास पाठवा. आणि नकार येताच मुंबईच्या हायकोर्टात दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेची फिर्याद गुदरली.

रखमाबाईंच्या कैफियतीत वादीची गरिबी, त्याचा आजार आणि त्याची राहणी हे मुद्दे होते. पण या बचावाचा खरा कणा निराळाच होता. बालपणी, संमती देण्याची अक्कल येण्यापूर्वी जो विधी उरकला गेला, त्याच्या जोरावर एखाद्या सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या हवाली करता येते काय, हा तो प्रश्न. न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी फिर्याद काढून टाकली. त्यांचे म्हणणे असे की, पुनःस्थापना करावयाची तर आधी काही स्थापन झालेले असावे लागते. हे दोघे एका घरात कधी नांदलेच नाहीत, आणि असा हुकूम दिल्याचा एकही दाखला आपल्यापुढे आलेला नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या या इंग्रज न्यायाधीशाच्या निकालात कायद्याच्या काटेकोरपणापेक्षा माणुसकीचा आवेश अधिक आहे, अशी टीका तेव्हाही झाली, आणि ती सर्वस्वी खोटी नाही.

हा निकाल ऐकावयास सखाराम अर्जुन हयात नव्हते. एप्रिलातच त्यांचा अंत झाला होता. त्याच वर्षी जून आणि सप्टेंबर महिन्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने दोन पत्रे छापून आली, पहिले बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती. पहिल्या पत्राच्या वेळी आपला स्वतःचा मुकदमा कोर्टापुढे प्रलंबित असता, सही न करता पण स्वतःचेच दुःख सर्वांच्या वतीने मांडणारी ही वीस वर्षांची मुलगी किती धीराची असेल, याची कल्पना निकालपत्रांवरून येत नाही.

अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ साली पिन्हींचा निकाल फिरवला. मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम या १८६७ च्या प्रीव्ही कौन्सिलच्या निर्णयाने असे दावे एतद्देशीयांतही चालतात हे ठरून गेले आहे, आणि हिंदू विवाहाला वधूची संमती हे अंगच नाही, अशी त्यांची भूमिका. दावा पुनः खालच्या न्यायासनापुढे आला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूमनामा केला की, एक महिन्याच्या आत रखमाबाईंनी पतीच्या घरी जावे. न गेल्यास दिवाणी कायद्याप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कळवले की, त्या घरी जाण्यापेक्षा आपण कायद्याची कमाल शिक्षा भोगू. बरोबर सहा दिवसांपूर्वी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात आनंदीबाई जोशी यांचा अंत झाला होता. वैद्यकाची पदवी घेऊन आलेली एक महाराष्ट्रीय स्त्री काम सुरू होण्याआधीच गेली, आणि जिला पुढे ते काम करावयाचे होते ती तुरुंगाच्या दाराशी उभी होती. पण त्या आठवड्यात हा संबंध कोणाला दिसणे शक्य नव्हते.

या सगळ्या प्रकरणातली एक गंमत, गंमत म्हणवत नाही अशी, येथे सांगितली पाहिजे. पत्नीला कोर्टाच्या हुकमाने नांदवण्याचा हा दावा मुळात ना मनूचा ना याज्ञवल्क्याचा. तो इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांतून निघालेला, आणि कंपनी सरकारच्या अंमलाबरोबर आपल्याकडे आलेला. शिवाय, असा हुकूम मोडणाऱ्याला कैद करण्याची तरतूद खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटने १८८४ साली, म्हणजे दादाजीने नोटीस दिली त्याच वर्षी, रद्द केली होती. तरीही विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या ‘नेटिव्ह ओपिनियन’सारख्या वजनदार पत्राने दादाजीची बाजू हिंदू धर्माची बाजू म्हणून उचलून धरली. टिळकांचा कलही सनातन पक्षाकडेच होता, आणि आगरकरांचा अर्थात उलट. दोघांच्या वाटा ज्या प्रश्नांवरून फुटल्या त्यांपैकी हा एक होता. धर्मरक्षणासाठी सरसावलेले पुढारी बिलायती चर्चच्या टाकून दिलेल्या हत्याराने लढत होते, आणि त्याचे त्यांना काही वाटले नाही. दुसऱ्या बाजूला काशिनाथ त्रिंबक तेलंग रखमाबाईंच्या वतीने कोर्टात उभे होते, बेहरामजी मलबारी वृत्तपत्रांतून रान उठवीत होते, आणि पंडिता रमाबाई अमेरिकेत बसून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील आपल्या इंग्रजी पुस्तकात या निकालाची हकीकत लिहीत होत्या.

महाराणी व्हिक्टोरियाने मध्यस्थी करून हा विवाह रद्द केला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. रखमाबाईंचे एक पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एप्रिल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिकडे बरीच खळबळ उडाली, एवढे खरे. पण प्रकरण मिटले ते राजाज्ञेने नव्हे, रोकड्या व्यवहाराने. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये दादाजीला खर्चापोटी देण्यात आले आणि त्याने हुकूमनाम्याची बजावणी करणार नाही असे कबूल केले. त्याने लौकरच दुसरे लग्न केले. रखमाबाईंच्या विवाहाचे काय झाले? काहीच झाले नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या दादाजी भिकाजीची बायकोच राहिल्या. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

१८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकाची दिशा दाखवली होती; लंडनमध्ये मॅक्लॅरेन दांपत्याचा आधार मिळाला. स्त्रियांसाठी काढलेल्या वैद्यक विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, एडिंबरो-ग्लासगोच्या संयुक्त परीक्षा झाल्या, ब्रुसेल्सची एम. डी. झाली, आणि १८९५ मध्ये त्या सुरतेच्या मालवी इस्पितळात रुजू झाल्या.

त्यांना ‘वैद्यकी करणारी पहिली भारतीय स्त्री’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो बरोबर नाही. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी त्यांच्या आधी कित्येक वर्षे रोगी तपासले होते. पहिलेपणाचा हा हव्यास आपल्या चरित्रलेखनाला जडलेला जुना रोग आहे, आणि त्यापायी नंबराने दुसरी-तिसरी असलेली माणसे काय करीत होती हे पाहावयाचे राहून जाते. रखमाबाई काय करीत होत्या? त्या वाट पाहत होत्या. इस्पितळ होते, खाटा होत्या, बिलायतेहून शिकून आलेली डॉक्टरीण होती. बायका येत नव्हत्या. बाळंतपण म्हणजे अंधाऱ्या खोलीतले, सुईणीच्या हातचे, विटाळाच्या चिंध्यांवरचे काम. ते लोखंडी खाटेवर, परक्या छपराखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोण करून घेणार? इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, अशीच समजूत. याविषयी एक आख्यायिका सांगतात. बाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवली, तिला तेथे ठेवून घेतले, आणि ती सुखरूप व्याली तेव्हा शेळी आणि करडू दोन्ही लोकांना पाहू दिली. ज्या बाईने इंग्रजीत निबंध लिहून साऱ्या मुंबईला विचार करावयास लावले, तिला सुरतेत निबंधाचा काडीचा उपयोग नव्हता. तेथे व्यालेली शेळी हाच पुरावा. गोष्ट अक्षरशः खरी असो की नसो, ज्या गावाने ती जपली त्या गावाचा विश्वास कोणत्या मार्गाने आला हे तिच्यावरून समजते.

पुढे प्लेग आला, मुंबईहून गुजरातेत पसरला. सुरतेची घरे ओस पडली, आणि रखमाबाई जागेवर राहिल्या. बावीस वर्षे त्यांनी सुरतेत काढली. अशा नोकरीचा इतिहास लिहिता येत नाही, कारण तिच्यात घटना नसतात; उठवलेली बाळंतीण घरी जाते, आणि जी वाचली तिच्या नावाचा खटला कोणी चालवीत नाही.

१९०४ साली दादाजी भिकाजी वारला. रखमाबाईंनी पांढरे लुगडे नेसावयास सुरुवात केली.

हे वाचून सुधारक मंडळी गोंधळतात, आणि मीही प्रथम गोंधळलो. ज्या पुरुषाच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग पत्करला, त्याच्यासाठी वैधव्याची खूण? सक्तीच्या वैधव्याविरुद्ध जिने तरुणपणी पत्र लिहिले, तिनेच? कोणी म्हणतात, हा संस्कारांचा विजय. कोणी म्हणतात, रोग्यांच्या घरी उघडपणे जाता-येता यावे म्हणून केलेली व्यवहारी तडजोड. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. त्यांच्या पत्रातला जोर ‘सक्तीच्या’ या शब्दावर होता. कोर्टाने तीन वेळा विचार करूनही जो विवाह आहे की नाही हे त्यांना विचारले नाही, तो संपला हे मात्र त्यांनी कोणाला न विचारता स्वतः जाहीर केले, असे मी त्या पांढऱ्या लुगड्याचे वाचन करतो. मतभेदाला जागा आहे.

१९१७ नंतर त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. त्या तेथे असतानाच, १९२३ च्या एका दुरुस्तीने, नांदण्याचा हुकूम मोडल्याबद्दल दिवाणी तुरुंगात टाकण्याची तरतूद आपल्या कायद्यातून निघाली. इंग्लंडनंतर एकोणचाळीस वर्षांनी. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या या डॉक्टरीणबाईंकडे तोवर गुजरात-काठेवाडच्या कित्येक घरांतल्या आया आणि त्यांच्याच पोटी जन्मलेल्या मुली, अशा दोन पिढ्या बाळंतपणासाठी येऊन गेल्या असतील. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या. पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने हिंदू स्त्रीला काडीमोडाचा हक्क दिला, वधूच्या वयाची मर्यादा घातली; आणि त्याच कायद्याच्या नवव्या कलमात, दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा, जसाच्या तसा, ठेवून दिला.