मानव संसाधन व्यवस्थापनातील देशोदेशींचे भेद : संस्कृती की समझोता?

मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पद्धती देशागणिक भिन्न का असतात, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकांत बहुधा 'संस्कृती' या एकाच शब्दात दिले जाते. या विवेचनामागे गीर्ट हॉफस्टेड यांचा १९८० चा ग्रंथ आहे. आयबीएमच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांनी भरलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे त्यांनी सत्ता-अंतर, व्यक्तिवाद आदी परिमाणे मांडली. वर्णनासाठी ती उपयुक्त आहेत. परंतु वर्णनालाच कारण मानणे घाईचे ठरते. जपानचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

आजीवन रोजगार, सेवाज्येष्ठतेनुसार वेतन आणि कंपनीनिहाय कामगार संघटना हे जपानी व्यवस्थापनाचे तीन आधारस्तंभ मानले जातात व त्यांचे मूळ कन्फ्यूशियसप्रणीत निष्ठेत शोधण्याचा प्रघात आहे. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमधील कुशल कामगार वारंवार कारखाने बदलत असत. त्यांना टिकवून ठेवणे हीच मालकांची विवंचना होती. (निष्ठा तेव्हा कोठे होती, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारल्यास तो रास्तच म्हणावा लागेल.) दुसऱ्या महायुद्धानंतर तर संपांची लाट उसळली. १९५० मध्ये टोयोटा कंपनीत कामगारकपातीवरून तीव्र संघर्ष झाला. दीड हजारांहून अधिक कामगारांना नोकरी सोडावी लागली आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनीही राजीनामा दिला. नोकरीची शाश्वती हा अशा संघर्षांतून साकारलेला समझोता होय. पुढे सबळ कारणाविना केलेली बडतर्फी अवैध ठरवून न्यायालयांनी त्यास बळ दिले. मात्र त्याचा लाभ मुख्यतः मोठ्या कंपन्यांतील कायम पुरुष कर्मचाऱ्यांपुरता राहिला. हंगामी कामगार आणि बहुसंख्य स्त्रिया त्याबाहेरच होत्या.

जर्मनीत दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षी मंडळात निम्म्या जागा कर्मचारी प्रतिनिधींना मिळतात, त्या १९७६ च्या कायद्यामुळे. तेथेही राष्ट्रीय स्वभावाचा दाखला देण्याची गरज पडत नाही.

भारतात जपानी पद्धतीचा परिचय ठळकपणे घडला तो मारुतीच्या गुडगाव येथील कारखान्यातून. १९८३ मध्ये तेथे पहिली मोटार तयार झाली. सर्वांना एकच गणवेश, सामाईक उपाहारगृह, कामापूर्वी कवायत या गोष्टी येथे रुजल्या. याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात २०११ मध्ये स्वतंत्र संघटनेच्या मागणीवरून संप झाले, आणि १८ जुलै २०१२ रोजीच्या हिंसाचारात मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक मृत्युमुखी पडले. एकाच उत्पादनसाखळीवर राबणाऱ्या कायम व कंत्राटी कामगारांच्या वेतनातील तफावत हा त्या काळच्या असंतोषाचा एक प्रमुख मुद्दा होता.