माल आपला, वाट दुसऱ्याची : अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा वाहिन्यांचा धडा

धंद्याचे दोन भाग असतात. एक, माल तयार करणे. दुसरा, तो गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोहोचवणे. पहिला भाग ज्याला उत्तम जमतो त्याला दुसरा जमेलच असे नाही. हे आपल्या यंत्रमागवाल्यांना आणि कारागिरांना सांगायला नको. कापड विणणारा एक, बाजारपेठ हाती असणारा दुसरा, आणि भाव ठरतो तो बहुधा दुसऱ्याच्या पेढीवर.

अमेरिकेतील विद्यापीठांनी आपल्या खेळांच्या स्वतंत्र टीव्ही वाहिन्या काढल्या तेव्हा त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडवला, कोण तरले आणि कोण बुडाले, हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

माल कोणता?

अमेरिकेत विद्यापीठांचे सामने म्हणजे हौशी मुलांचा खेळ नव्हे. त्यांच्याकडील फुटबॉल (हा आपला फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा) आणि बास्केटबॉल पाहायला अफाट गर्दी लोटते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका सामन्याला लाखावर लोक बसतात. जवळपासची विद्यापीठे एकत्र येऊन संघटना करतात, तिला कॉन्फरन्स म्हणतात. सामने या कॉन्फरन्समार्फत होतात आणि प्रक्षेपणाचे हक्कही बहुधा तीच विकते.

पूर्वी तसे नव्हते. फुटबॉलचे प्रक्षेपण एनसीएए या देशव्यापी संस्थेच्या मुठीत होते. किती सामने दाखवायचे हे तीच ठरवी. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. त्यानंतर विद्यापीठांना आणि कॉन्फरन्सना आपला माल आपण विकण्याची मोकळीक मिळाली.

विद्यापीठांच्या खेळांसाठी चोवीस तासांची वाहिनी चालू शकते हे सीएसटीव्ही या वाहिनीने दाखवून दिले. ती २००३ मध्ये सुरू झाली. ती कोणा विद्यापीठाची नव्हती, खासगी उद्योजकांची होती. २००५ मध्ये सीबीएस कंपनीने ती ३२ कोटी ५० लाख डॉलरला घेण्याचे जाहीर केले. हा आकडा पाहून कॉन्फरन्सचे डोळे उघडले नसते तरच नवल.

केबलचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. वाहिनी काढायला कॅमेरे, स्टुडिओ आणि माणसे लागतात. पैसा असला की ते मिळते. पण घराघरांत जाणारी तार केबल कंपनीची असते, आणि छपरावरची तबकडी उपग्रह कंपनीची. त्यांनी वाहिनी घेतली नाही तर उत्तम माल गोदामात पडून राहतो.

अमेरिकेत १९९२ च्या केबल कायद्याने स्थानिक, हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रांना केबलवर जागा मागण्याचा हक्क दिला. अशा नव्या क्रीडा वाहिन्यांना तो नाही. त्यांना एकेका कंपनीशी सौदा करावा लागतो.

सौद्यात दोन गोष्टी ठरतात. पहिली, दर. केबल कंपनी वाहिनीला दर घरामागे दरमहा ठरावीक रक्कम देते. दुसरी, वाहिनी कोणत्या पॅकेजमध्ये बसवायची. बहुतेक सर्व गिऱ्हाइकांकडे जाणाऱ्या मूळ पॅकेजमध्ये, की ज्याला हवे त्याने जादा पैसे देऊन घ्यायच्या क्रीडा पॅकेजमध्ये? नवख्या माणसाचे लक्ष दरावर असते. जाणत्याचे लक्ष पॅकेजवर असते.

का, ते उदाहरणाने पाहू. मानू या, एका कंपनीची त्या भागात २० लाख घरे आहेत आणि दर घरामागे १ डॉलर ठरला. मूळ पॅकेजमध्ये जागा मिळाली तर दरमहा २० लाख डॉलर, वर्षाला २ कोटी ४० लाख. त्या घरांत सामना कोणी पाहो वा न पाहो, रक्कम येणारच. आता हीच वाहिनी क्रीडा पॅकेजमध्ये गेली आणि दहातल्या एकाच घराने ते घेतले, तर घरे उरली २ लाख आणि महिन्याची मिळकत २ लाख डॉलर. पहिल्याइतकी रक्कम हवी तर दर १० डॉलर करावा लागेल, आणि त्या भावाला हौशी प्रेक्षकही पाठ फिरवील. शिवाय घरे कमी म्हणजे जाहिरातीही कमी.

केबल कंपनीची बाजूही चुकीची नसते. तिचे म्हणणे असे की, मूळ पॅकेजमध्ये वाहिनी घातली की सगळ्यांचे बिल वाढते. ज्या आजीबाईंनी आयुष्यात सामना पाहिला नाही त्यांनी फुटबॉलचा खर्च का सोसावा? हा न्यायाचा प्रश्न आहे. पुढे याच प्रश्नाने साऱ्या धंद्याचे गणित बदलले.

बिग टेनची झुंज

बिग टेन ही १८९६ मध्ये स्थापन झालेली जुनी कॉन्फरन्स. नावात दहा असले तरी त्या वेळी तिच्यात आठ राज्यांतील अकरा विद्यापीठे होती. तिचे आयुक्त जिम डिलेनी यांनी २००६ मध्ये स्वतःची वाहिनी काढण्याचे जाहीर केले. सर्वांत मोठे सामने एबीसी आणि ईएसपीएन यांनाच विकले गेले; उरलेले नव्या वाहिनीसाठी राखले. म्हणजे ठोक गिऱ्हाईकही सोडले नाही आणि स्वतःचे दुकानही मांडले.

डिलेनींनी आणखी एक शहाणपण केले. ते एकटे उतरले नाहीत. फॉक्सशी भागीदारी केली, ५१ टक्के कॉन्फरन्सचे आणि ४९ टक्के फॉक्सचे. फॉक्स तेव्हा रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीची होती. याच कंपनीने १९९३ मध्ये आपल्याकडे दिसणाऱ्या स्टार टीव्हीचा मोठा हिस्सा घेतला होता. विद्यापीठांकडे माल, फॉक्सकडे प्रक्षेपणाचा अनुभव आणि केबल कंपन्यांशी जुनी देवघेव. आपल्या फिकहमध्ये ज्याला शिरकत म्हणतात त्यात हीच गोष्ट पाहिली जाते : प्रत्येक भागीदार काय घेऊन आला, आणि नफ्या-नुकसानीचा वाटा आधी ठरला का. पुढे फॉक्सचा वाटा वाढत ६१ टक्क्यांपर्यंत गेला. वाटेचा जाणकार भागीदार हळूहळू मोठा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

या वाहिनीने सुरुवातीलाच दारूच्या जाहिराती घेणार नाही असे जाहीर केले. अमेरिकेत क्रीडा प्रक्षेपणाची मोठी मिळकत बीअरच्या जाहिरातींतून येते. ती सोडूनही वाहिनी उभी राहिली, फायद्यात आली. हराम कमाईशिवाय धंदा चालतच नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

३० ऑगस्ट २००७ रोजी वाहिनी सुरू झाली. डायरेक्टटीव्ही ही उपग्रह कंपनी आणि एटी अँड टी यांनी ती पहिल्या दिवसापासून घेतली. पण त्या भागातली मोठी केबल कंपनी कॉमकास्ट अडून बसली. वाहिनीची मागणी आठ राज्यांत दर घरामागे सुमारे १ डॉलर १० सेंट आणि बाहेर सुमारे १० सेंट अशी होती. कॉमकास्टचे म्हणणे, चांगले सामने तर दुसरीकडे गेले, उरलेला माल मोजक्या शौकिनांचा आहे. तो क्रीडा पॅकेजमध्येच शोभेल. कॉमकास्टच्या स्वतःच्याही क्रीडा वाहिन्या होत्या, हे विसरू नये.

आणि तिसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबर २००७ रोजी, चमत्कार झाला. देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला ॲपालेशियन स्टेट या खालच्या गटातील संघाने त्याच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले. सामना नव्या वाहिनीवर होता. ज्यांच्या घरी कॉमकास्ट होती त्यांना तो दिसला नाही. देशभर चर्चा झाली, आणि केबल कंपनीकडे विचारणा करणारे गिऱ्हाईक वाढले. थोड्याच दिवसांत डिश नेटवर्क या दुसऱ्या उपग्रह कंपनीनेही वाहिनी घेतली. ज्याला सामने हवेत त्याला आता दुसरे दार उघडे होते.

तरी वाहिनीला पहिला पूर्ण हंगाम कॉमकास्टशिवाय काढावा लागला. जून २००८ मध्ये समझोता झाला. बिग टेनच्या राज्यांत वाहिनी बहुसंख्य गिऱ्हाइकांच्या पॅकेजमध्ये आली. बाहेरच्या भागांत केबल कंपनीला मोकळीक मिळाली. दर मूळ मागणीपेक्षा कमी, सुमारे ७० सेंट ठरल्याच्या बातम्या आल्या. दरात उतरले, पण पॅकेजचा मुद्दा सोडला नाही. वरचा हिशेब आठवला की हा सौदा का फायद्याचा ते कळते.

पुढे २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स ही विद्यापीठे बिग टेनमध्ये आली. रटगर्स न्यूयॉर्कशेजारी, मेरीलँड वॉशिंग्टनशेजारी. तिथली लाखो घरे ‘आतल्या’ दरात आणण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

ज्यांना दार उघडले, ज्यांना नाही

ईएसपीएनने २०१४ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सची वाहिनी काढली. १४ ऑगस्टला ती सुरू झाली तेव्हा देशातील जवळजवळ सर्व मोठ्या कंपन्यांशी करार झालेले होते. कारण उघड आहे. ईएसपीएनशिवाय कोणत्याही केबल कंपनीचे भागत नव्हते. जुना हुकमी माल देताना नवा मालही त्याच करारात बसला. तरी याच कंपनीने २०११ मध्ये टेक्सास या एकाच विद्यापीठासाठी काढलेल्या लाँगहॉर्न वाहिनीला मोठ्या केबल कंपन्यांनी सुरुवातीला दारात उभे केले नाही. विद्यापीठाशी करार होता २० वर्षांचा आणि ३० कोटी डॉलरचा. पण एकाच विद्यापीठाच्या मालावर वर्षभर दुकान चालवणे अवघड गेले. २०२४ मध्ये ती बंद झाली.

सर्वांत बोलका दाखला पॅसिफिक किनाऱ्यावरील पॅक-१२ कॉन्फरन्सचा. तिने २०१२ मध्ये वाहिनी काढली तेव्हा भागीदार घेतला नाही. पूर्ण मालकी स्वतःची. एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक वाहिन्या, खर्चही तसाच. कॉमकास्ट धरून चार केबल कंपन्यांशी आधीच करार झाला होता, पण सुमारे २ कोटी घरे असलेल्या डायरेक्टटीव्हीशी सौदा जमला नाही, आणि शेवटपर्यंत जमला नाही. मालकी शंभर टक्के राहिली, मिळकत मात्र शेजाऱ्यांपेक्षा कमी पडली.

त्यात हिशेबाचा घोळ निघाला. कॉमकास्टकडून अनेक वर्षे जादा रक्कम येत होती, सुमारे ५ कोटी डॉलर. हे कळूनही वर सांगितले गेले नाही, असे चौकशीत आढळल्याचे सांगून २०२३ मध्ये दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढण्यात आले. जास्तीची रक्कम शेवटी भरून द्यावीच लागली. देताना माप कमी करणे जसे पाप, तसे चुकून जास्त आलेले दाबून ठेवणेही. २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून बारांपैकी दहा विद्यापीठांनी कॉन्फरन्स सोडण्याचे ठरवले, आणि ३० जून २०२४ रोजी वाहिनी बंद पडली.

आपल्याकडे प्रवाह उलटा

आपल्या केबलवाल्यांकडे पाहता एक फरक ध्यानात येईल. भारतात वाहिनी सदस्यशुल्क घेत असली तरी अनेक वाहिन्यांना तारेवर जागा मिळवण्यासाठी उलट केबल कंपनीलाच पैसे मोजावे लागत आले. ट्रायने २०१७ च्या नियमांत या वहन शुल्कावर मर्यादा घातली. साध्या वाहिनीसाठी ती दर सदस्यामागे दरमहा २० पैसे होती. त्याच सुमारास ठरलेल्या आणि २०१९ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत, हवी ती वाहिनी निवडून तिचेच पैसे देण्याची सोय गिऱ्हाइकाला मिळाली. माल आणि वाट यांत कोणाची गरज मोठी, त्यावर पैसा कोणाकडून कोणाकडे जाईल हे ठरते.

अमेरिकेतही जुने गणित टिकले नाही. आजीबाईंनी केबलच तोडली. इंटरनेटवर हवे तेवढेच पाहणारे वाढले आणि गेल्या दशकात केबलची घरे कोट्यवधींनी घटली. न पाहणाऱ्याच्या पैशावर उभी असलेली मिळकत कायमची नसते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या मुलांच्या खेळावर हा डोलारा उभा राहिला त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे वर्षानुवर्षे फारसे काही मिळत नव्हते. २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठांना मिळकतीतील वाटा थेट देण्याची मुभा मिळाली. तेही कोर्टकचेऱ्या झाल्यावर. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या कारखान्यातल्या कारागिराचा हिशेब कोर्टाची वाट न पाहता चुकता करावा.

व्यापाऱ्याने काय घ्यावे?

एक : माल बाजारात आणण्याआधी वाट कोणाच्या हातात आहे ते पाहा. दोन : दुसरे दार उघडे ठेवा, एकाच आडत्यावर किंवा एकाच ऑनलाइन कंपनीवर विसंबणारा भाव मागू शकत नाही. तीन : दरात थोडे उतरा, पण माल कोणत्या फळीवर ठेवला जाणार हे सोडू नका. चार : शंभर टक्के मालकीच्या हट्टापेक्षा जाणत्या भागीदाराबरोबरचा स्वच्छ वाटा बरा. पाच : करार लिहून घ्या. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचे व्यवहार साक्षीने लिहून ठेवण्याचा आदेश आहे. आपल्या किती भागीदाऱ्या आजही तोंडी चालतात, हे प्रत्येकाने आपल्या पेढीवर बसून स्वतःला विचारावे.