रेडिएशनआधीचे ते दोन ग्लास पाणी

अब्बांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे, डॉक्टरांनी रेडिएशन सांगितले आहे, हे कळताच घर हादरते. खरे तर यंत्राखालच्या त्या काही मिनिटांत दुखत नाही. लक्ष द्यायचे ते आधीच्या तयारीकडे.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे असते. मूत्राशय भरलेले असले की आतडी वर सरकतात आणि किरणांपासून वाचतात. पोट साफ असले की ग्रंथी जागेवरून फारशी हलत नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन करून आराखडा ठरवतात, त्वचेवर बारीक खुणा करतात. स्कॅनच्या दिवशी जेवढे पाणी प्यायला सांगितले, तेवढेच रोज, त्याच वेळेच्या हिशेबाने प्यावे. वुजू-गुस्ल करताना खुणा घासू नयेत.

उपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, चार ते आठ आठवडे चालतात. मध्येच रमजान आला तर? इथे पाणी हा उपचाराचाच भाग आहे. आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुरआननेच दिली आहे (सूरह बकरा, आयत 185). रोजा लपवून उपचाराला जाऊ नये. तारखा ठरतानाच डॉक्टरांशी बोलावे.

लघवी रोखवत नाही, बद्धकोष्ठता आहे, हे सांगायला वडीलधारे लाजतात. मुलाने सोबत जावे, अब्बांच्या वतीने विचारावे. नंबर लांबला तर कळ सोसत बसू नये, तंत्रज्ञाला सांगावे.

आणि बाहेरून दिलेले किरण शरीरात उरत नाहीत. घरी आल्यावर नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावे.